लांब दगड

"मंगळावर जातेत म्हणं. इथं चहात साखर किती घालावी तेवढं कळंना."

अब्बा, म्हणजे माझे सासरे, हे बशीला सांगत होते. बशी त्यांच्या ओठांपाशी होती आणि मी हातभर अंतरावर स्टोव्ह पुसत होते, म्हणजे मला ऐकू यावं एवढ्याच बेतानं. पत्र्याच्या शेडमध्ये कुठलीच कुरकुर आपल्यापुरती राहत नाही. साखर मीच कमी घातली होती. डॉक्टरांनी बंद सांगितलीय, मी अर्धा चमचा घालते. त्या अर्ध्या चमच्याचं पाप माझं, आणि न घातलेल्या दीड चमच्याची तक्रारही माझ्याच नावावर.

मंगळावर जाणारी बाहेर लिंबाखाली उभी होती. माझी मुलगी हुस्ना, अकरावीला आहे. उद्या विज्ञान दिन. लातूरला वादविवाद स्पर्धेची शेवटची फेरी, आणि विषय असा, की मानवजात वाचवायची तर माणसानं दुसऱ्या ग्रहावर वस्ती केलीच पाहिजे. बाजू चिठ्ठ्या टाकून देतात. हिच्या चिठ्ठीत 'केलीच पाहिजे' निघालं. तेव्हापासून आठ दिवस आमच्या नांदेडच्या दोन खोल्यांत माणूसजात रोज नष्ट होते आहे. सकाळी डबा भरताना उल्का पडते, दुपारी समुद्र वर येतो, संध्याकाळी चपात्या लाटताना रोगराई सुटते. मी लाटणं थांबवत नाही. कुणी मेलं तरी जेवायला लागतंच.

नांदेडहून आम्ही दोन कामं घेऊन निघालो होतो. एक, हुस्नाला लातूरला पोचवायचं. दुसरं, वाटेत गावी थांबून अब्बांना कायमचं सोबत घ्यायचं. दुसरं काम पहिल्यापेक्षा लांबचं होतं, हे मला निघतानाच माहीत होतं.

जानेवारीत चक्कर येऊन अब्बा शेडमध्ये पडले. सकाळी शेजारच्या तारामतीकाकू दूध घेऊन आल्या तेव्हा कळलं. तोवर ते तसेच जमिनीवर, आणि वर काकूंनाच म्हणाले, "दूध झाकून ठेवा, मांजर येतंय." वय सत्याहत्तर. डॉक्टर म्हणाले, एकटं ठेवू नका. मग जावेद, म्हणजे माझे मालक, म्हणाले, आणू. जावेद देगलूर नाक्याला मोटारी रिवाइंड करतात, पंप, पंखे, कूलर. बोलण्याच्या बाबतीत जळालेली मोटार त्यांच्यापेक्षा बरी, ती निदान वास तरी सोडते. 'आणू' एवढं बोलले म्हणजे पक्कं ठरलं. चार वाजता जीप येणार होती. पिशव्या भरून झाल्या होत्या.

अडचण एकच होती. अब्बा छताखाली झोपत नाहीत.

पत्रा त्यांच्या लेखी छत नव्हे. "पत्रा पडला तर माणूस शिव्या देत उठतो," ते म्हणतात. "स्लॅब पडला तर उठतच न्हाई." शेडच्या समोर दहा पावलांवर सरकारनं दिलेलं घर आहे. भूकंपानंतर आसपासची गावं उचलून नव्या जागी बसवली, त्यातलंच हे एक गाव. जुनं गाव तीन किलोमीटरवर, ओढ्याच्या काठाला. तिथं आता बाभळी आहेत. इथं सरळ रस्ते, एका मापाची घरं, न पडणाऱ्या भिंती. हे घर हातात आलं तेव्हा जावेद तेरा वर्षांचे होते. आज त्या घरात बाजांच्या चौकटी, सुंभाची भेंडोळी आणि एक मोडकी सायकल राहते. अब्बा समोर पत्र्यात राहतात. उन्हाळ्यात अंगाचं पाणी होतं, पावसात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही.

सुरुवातीला सगळं गावच असं झोपायचं. घर सामानाला, पत्रा माणसाला. मग पोरं मोठी झाली, सुना आल्या. सुनांनी पत्र्यात झोपायला साफ नकार दिला आणि हळूहळू गाव आत गेलं. एकटे अब्बा बाहेर राहिले. हुस्ना झाली तेव्हा तिला बघायला नांदेडला आले होते, तर रात्री मशिदीच्या अंगणात जाऊन झोपले. आमच्या घरी स्लॅब आहे, दुसरा मजला आहे, आणि गच्चीला घरमालकाचं कुलूप आहे.

लोक म्हणतात, म्हाताऱ्याच्या मनात भीती बसली. आम्हीही तेच म्हणतो. सोपं पडतं.

अब्बा मुळात गवंडी. जुन्या गावातली निम्मी दगडी घरं त्यांच्या आणि त्यांच्या वडलांच्या हातची. दीड हात रुंद भिंत, वर मातीचं जाड माळवद, चैत्रात सुद्धा आत गार. त्या पहाटे जमीन हलली आणि नेमकी हीच घरं बसली. आमच्या घराला ओरखडा नाही, कारण गवंड्याच्या स्वतःच्या घराला कुडाच्या भिंती होत्या आणि वर गवत. त्यानंतर अब्बांनी थापी हातात धरली नाही. बाजा विणायला शिकले. सगळं गाव बाहेर झोपत होतं, बाजेला गिऱ्हाइकाची कमी नव्हती.

शेजारच्या हणमंतकाकांच्या घराची मागची भिंत आत पडली. त्यांची पहिली बायको आणि दोन मुलं गेली. काका गणपती विसर्जनाला शेजारच्या गावी गेले होते म्हणून मागं राहिले. ती भिंत अब्बांनी बांधलेली, दोनच वर्षं आधी. हे गावाला माहीत आहे, आम्हाला माहीत आहे, नंतर काकांशी लग्न होऊन आलेल्या तारामतीकाकूंनाही माहीत आहे. आणि काका बत्तीस वर्षं रोज दुपारी तीन वाजता अब्बांकडे चहाला येतात. पाऊस, कापूस, बीपीच्या गोळ्या, सगळं बोलतात. भिंत सोडून.

मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. अब्बांना भेंडी चालत नाही, आणि भिंतीचं काढायचं नाही. मी दोन्ही पाळल्या. फक्त दुसरी गोष्ट हुस्नाला सांगायची राहून गेली.

तीन वाजता काका आले. डोळ्याचं ऑपरेशन नवं, काळा चष्मा, पांढरं धोतर. अब्बांनी बाज पुढं ओढली. घरात आम्ही दखनी बोलतो, काका आले की सगळे मराठीवर येतो. त्यामुळं आमच्या घरातली बरीच भांडणं मराठीत झालेली आहेत.

"काय हुस्ने, कुठवर आलं यान?"

"आजोबा, तुम्ही विरुद्ध बाजू घ्या ना. मला प्रॅक्टिस होईल."

"म्हंजे काय म्हणायचं मी?"

"की माणसानं जाऊ नये."

"मी तर जावं म्हणणारा हाय," काका म्हणाले. "गाव हलवायच्या कागदावर पहिली सही माझी. निम्मं गाव अडून बसलं होतं, पूर्वजांची जागा सोडायची न्हाई म्हणून. मी म्हणलो, पूर्वज आले होते का त्या दिवशी ढिगारा उपसाया? मरायचं टळत असंल तर जावं. मंगळ काय आन् माळ काय."

हुस्नानं ते लगेच लिहून घेतलं. तिला फुकटात मुद्दा मिळाला, पण विरोधक गेला.

"मग मी घेते," मी म्हणाले. हात रिकामे होते आणि डोकं तापलेलं होतं. "मंगळावर पाणी नाही."

"बर्फ आहे, मम्मी."

"दहा वर्षांमागं लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं. मिरजेपर्यंत रूळ होते म्हणून जमलं. मंगळाला रूळ कोण टाकणार?"

काका हसले. हुस्ना हसली नाही. ती वादात शिरली की तिच्या बापासारखी कपाळाला एकच आठी घालते.

"मम्मी, तू आजच्या अडचणी सांगतेस. मी हजार वर्षांचं बोलतेय. शेतकरी सगळं बियाणं एकाच कणगीत ठेवतो का? एका कणगीला कीड लागली तर दुसरीतलं पेरता येतं. माणूस आज एकाच कणगीत आहे."

हे मला आवडलं. आवडलेलं दाखवलं नाही.

"ते बरोबर हाय," काका म्हणाले. "पन कणगीत घालायचे दाणे निवडणार कोण? आमच्या टायमाला यादी झाली होती. जास्त जमीन त्याला मोठं घर, कमी त्याला बारकं, काहीच न्हाई त्याला सगळ्यात बारकं. ह्या गफूरला तेच मिळालं." काकांनी अब्बांकडं हात केला. "मंगळाची यादी कोण करतंय? तलाठीच असंल की."

"आन् आमच्या नकाशात शाळा दिली, दवाखाना दिला, मसणवटा इसरले," काका पुढं म्हणाले. "मेलेलं माणूस आजून जुन्या गावाला न्यावं लागतंय."

"कब्रस्तान बी," अब्बा बशीत म्हणाले.

"कब्रस्तान बी. लिही पोरी. मंगळाच्या नकाशात मसणवटा हाय का, इचार त्या परीक्षकाला."

एवढा वेळ जावेद ट्रंकेला दोरी बांधत होते. त्या ट्रंकेत दोन लुंग्या, तीन सदरे आणि एक ओळंबा. ओळंबा मी काढून ठेवला होता, त्यांनी परत घातला. गवंडीकाम सोडलेला माणूस ओळंबा कशाला ठेवतो, हे मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात न विचारलेल्या गोष्टींची चळत लावली तर तिसरी खोली भाड्यानं घ्यावी लागेल.

साडेतीन झाले होते. अब्बा अजून लुंगीवर होते. मी दोनदा म्हणाले, अब्बा, कपडे बदला. दोनदा त्यांनी हं केलं.

"आता शेवट ऐका," हुस्ना म्हणाली. "सरांनी सांगितलं, जवळचं उदाहरण घ्या. मग मी आपलं गाव घेतलंय." तिनं कागद सरळ धरला, आवाज थोडा जाड केला. "'माझ्या वडिलांचं गाव याचा पुरावा आहे. एका पहाटे निसर्ग कोपला. धरणीमातेनं आपल्याच लेकरांचा घात केला. पण माणूस हरला नाही. त्यानं गाव उचललं आणि सुरक्षित जागी नेलं. त्या गावात माझे आजोबा आजही...'"

"घात न्हाई केला तिनं," अब्बा म्हणाले.

बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. हुस्ना थांबली.

"धरणी हलली. हलणं तिचं कामच हाय. घात तिनं न्हाई केला."

"मग कुणी केला, दादाजान?"

"हुस्ना," जावेद दोरीवरून मान न उचलता म्हणाले, "जरा पाणी आण."

पाणी माझ्याजवळच्या तांब्यात भरलेलं होतं. सगळ्यांना दिसत होतं. हुस्ना जागची हलली नाही. मला जावेदचा राग आला. अशा वेळी ह्या माणसाला नेहमी तहान लागते.

अब्बा बोलत राहिले, काकांकडं न बघता, समोरच्या सरकारी घराकडं बघत. "ह्या जागंवर बी दोन-तीनदा हललीय ती. बारीक. भांडी वाजली. घरं उभी हायत. कशानं? जागा बदलली म्हणून? ही जागा काय आभाळात हाय का? तीन किलोमीटर. तीच माती, खाली तीच धरणी. भिंत बदलली, म्हणून उभी हायत. पन लोक म्हणतेत जागा बदलली, बला टळली." ते दम घ्यायला थांबले. "जावा मंगळावर. म्या कोण न्हाई म्हणणारा. पन गवंडी हितलाच नेतेल ना? पहिली भिंत का पडली ते कुणी बोलायचं न्हाई, आन् नवी जागा हुडकायची. तिथं बी तशीच बांधतेल."

बत्तीस वर्षांत अब्बा भिंतीच्या एवढ्या जवळ कधी आले नव्हते. काकांनी काळा चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. मी उठून स्टोव्हला पंप मारायला लागले. तो पेटलेला नव्हता.

"मग का पडली?" हुस्नानं विचारलं. तिच्या आवाजात वाकडं काही नव्हतं, फक्त पेन तयार होतं. तिला खरंच मुद्दा हवा होता.

मी तिला डोळ्यांनी खुणावलं. तिनं मला पाहिलं आणि मुद्दाम न पाहिल्यासारखं केलं.

अब्बांनी दोन्ही तळहात समोरासमोर उभे धरले, मध्ये दोन बोटांची जागा ठेवून. माप बरोबर होतं. "ही बाहेरची फळी. ही आतली. मधी माती आन् दगडाच्या चिपा. बाहेरनं बघितलं की एक भिंत दिसती. असती दोन." त्यांनी हात हलवले, आणि एक तळहात बाहेर पडला, एक आत. "दोघींना धरून ठेवाया लांब दगड लागतो, आरपार. दर तीन हाताला एक. तो असला की भिंत हलती, तडकती, पन फुटत न्हाई. माणसाला पळाया येळ देती."

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"माझ्या बापाला बी माहीत होतं."

"मग घातला का नाही?"

मला वाटलं आता कुणीतरी पावसाचं काढेल. फेब्रुवारीच्या शेवटी पावसाचं काढणं अवघड, पण आम्हाला सवय आहे.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. जावेदनी ट्रंक उचलली. एवढी घाई त्यांनी आयुष्यात केली नव्हती.

"चला अब्बा."

"म्या न्हाई येत."

"अब्बा, ठरलंय आपलं."

"तुमचं ठरलंय. पोरीला सोडून या. म्या हितं बरा हाय."

मग मात्र माझ्या डोक्यातलं काहीतरी सुटलं. सकाळपासून साखर, पिशव्या, ट्रंक, उल्का, सगळं एकदम आलं. "बरे आहात म्हणजे काय?" मी म्हणाले. "जानेवारीत रात्रभर जमिनीवर पडून होतात तसे बरे? तिकडं लोक हवा नाही, पाणी नाही अशा ठिकाणी राहायचं म्हणतायत, आणि तुम्हाला नांदेडला राहवत नाही. तिथं मी आहे, ही पोरगी आहे. भीती वाटते तर दार उघडं ठेवून झोपू, सगळे झोपू. पण इथं पुन्हा पडलात तर दूध झाकायला कुणी येईलच असं नाही. आणि तेव्हा मी काय करायचं, ते कुणी सांगा मला. तुम्ही सगळे गप्प बसता आणि मी पिशव्या भरते."

सासऱ्याशी असं बोलू नये. मी कधी बोलले नव्हते. जावेद ट्रंक हातात धरून तसेच उभे राहिले.

अब्बा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "भीती न्हाई बेटी," ते म्हणाले. "पडंल म्हणून भ्यायला म्या काय आता जवान हाय? आत गेलो की भिंतीकडं बघतो. भिंतीकडं बघितलं की दगड मोजाया लागतो. मोजता मोजता उजाडतं. तुझ्या घरात तर इटाच हायत, तरी मोजतो. म्हणून पत्रा बरा. पत्र्यात मोजायला काय न्हाई."

आणि ते बाजेवर आडवे झाले, भर दुपारी, पाय आवरून घेऊन. म्हणजे विषय संपला. पुन्हा हॉर्न वाजला. हुस्नाच्या हातातला कागद खाली आला होता. तिला आता कळायला लागलं होतं की आपण काय विचारलं. ती माझ्याकडं बघत होती, मी जावेदकडं, जावेद ट्रंकेकडं. काकांकडं कुणीच बघत नव्हतं. त्यांच्या समोरचा चहा निवून वर साय आली होती.

म्हणून ते कधी बोलायला लागले ते आधी कळलंच नाही. आवाज इतका साधा होता, की मला वाटलं पावसाचंच काढलं.

"लांब दगड खाणीवर तयार होते," काका म्हणाले. "गाडी चार दिवसांनी मिळणार होती."

अब्बांनी मान वळवली. "हणमंतराव, जाऊ द्या."

"न्हाई. लई जाऊ दिलं." काकांनी चष्मा काढून बाजेवर ठेवला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता. "बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं, मला खोली उभी पायजे होती. तू म्हणालास, मालक, चार दिवस थांबा, लांब दगडाबिगर भिंत म्या उचलत न्हाई. एकदा न्हाई, दोनदा म्हणालास. दुसऱ्यांदा म्हणालास तवा मी तुला चारचौघांत बोललो, काम करायचं तर कर न्हाई तर दुसरा गवंडी बघतो. आठवतंय का तुला? मला रोज आठवतंय. रोज तीन वाजता सांगायचं म्हणून येतो, आन् चहा पिऊन जातो."

जावेदनी ट्रंक खाली ठेवली.

"गफूर," काका म्हणाले, "भिंत तुझी न्हवती. घाई माझी होती. माझी माणसं मी मारली. तू आता घरात झोप."